माशी मारायचं मशीन: घरचं, हॉटेलचं आणि त्यातली ती निळी ट्यूब

गोव्यात फोंड्याला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. जून लागला की दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं वाढतात. एक, पहिल्या गडगडाटात टीव्हीचा बोर्ड गेलेली. दुसरी, हातात प्लास्टिकचा निळा कंदील धरून आलेली. "बाब, हे चालतं, चर्रचर्र वाजतंसुद्धा, पण डास काही कमी होत नाहीत. आत काही बिघडलंय का बघा."

परवा मार्दोळहून एक वहिनी असाच कंदील घेऊन आल्या. मी काही न बोलता खालचा ट्रे काढला आणि काउंटरवर पेपर पसरून त्यावर पालथा केला. पंखवाल्या वाळवीचे सुटे पंख निघाले, भाताच्या कोंड्यासारखे. त्यात चार-पाच तपकिरी पतंग, दोन हिरवे तुडतुडे, एक काळा भुंगेरा, आणि उरलेली सगळी चिलटं, राखेसारखी. आगपेटीच्या काडीनं एकेक बाजूला करत गेलो. डास सापडले दोन. त्यातल्या एकाच्या मिशा पिसासारख्या फुललेल्या, म्हणजे नर. नर चावतच नाही.

"हे किती दिवसांचं?"

"पंधरा."

कंदिलात काहीच बिघडलेलं नव्हतं. अमेरिकेत डेलावेअरमध्ये घरांबाहेर लावलेल्या अशा सहा यंत्रांमधले मेलेले कीटक कुणीतरी चिकाटीनं मोजले होते, त्याचे आकडे १९९६ साली छापून आले: १३,७८९ कीटकांत चावणारे फक्त ३१. वहिनींच्या ट्रेचा हिशेब त्याच्या जवळपासचाच.

म्हणून मशीन घेण्याआधी, बदलण्याआधी किंवा माझ्याकडे आणण्याआधी खालची माहिती वाचा. हॉटेलवाल्यांनी ट्यूबचा भाग दोनदा वाचावा.

आधी ठरवा, मारायचं कुणाला

माशीला, पतंगाला, पंखवाल्या वाळवीला अतिनील उजेड दिसतो. आपल्याला दिसत नाही. घरमाशीच्या डोळ्याला साधारण ३४० ते ३७० नॅनोमीटरचा उजेड फार ठळक दिसतो आणि मशीनमधली चांगली ट्यूब नेमका तोच उजेड फेकते. त्यामुळे माश्यांसाठी ही यंत्रं खरोखर कामाची आहेत.

डासाचं गणित वेगळं. मादी डास माणसाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते, जवळ आली की अंगाची ऊब आणि घामाचा वास. एक माणूस दिवसभरात साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. खाटेवर असं मोठं आमिष झोपलेलं असताना कोपऱ्यातल्या कंदिलाकडे ती कशाला वळेल? काही कंदिलांच्या खोक्यावर 'फोटोकॅटलिस्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे यंत्र स्वतःच कार्बन डायऑक्साइड तयार करतं म्हणे. केलाच तरी तो तुमच्या एका उसाशापुढे काहीच नाही. त्यात डेंग्यूचा एडिस चावतो दिवसा, आणि कंदील आपण लावतो रात्री. गोव्यात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफन्सी उघड्या टाकीत आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो, तिथं कंदील लटकवून उपयोग नाही. टाकीला झाकण आणि जाळी, आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडी कोरडी करणं, खिडक्यांना जाळी, झोपताना पंखा आणि मच्छरदाणी. एवढं सगळं करून मग कंदील लावायचा असेल तर लावा.

काजूच्या दिवसांत भट्टीजवळ आणि ताव्हेर्नात बारीक माश्या घोंगावतात, त्या तिसरीच जात. आंबलेल्या बोंडूच्या वासावर येणाऱ्या. त्यांना उजेडापेक्षा वास ओढतो. बाटलीत थोडं व्हिनेगर, दोन थेंब भांडी घासायचा साबण, तोंडाला कागदाचं नरसाळं. बिल शून्य. हा उपाय सांगितला की लोकांना मी धंदा न कळणारा वाटतो.

घरचं आणि धंद्याचं

दिसायला दोन्ही सारखीच: मध्ये निळा उजेड, भोवती जाळी, खाली ट्रे. आत उघडलं की फरक दिसतो.

घरच्या यंत्रात एकतर चार, सहा किंवा आठ वॉटच्या बारीक ट्यूब असतात, नाहीतर हल्ली जांभळे एलईडी. जाळीला लागणारा विजेचा दाब (व्होल्टेज) एका छोट्या बोर्डावरचे डायोड आणि कपॅसिटर मिळून चढवतात. स्वस्त बोर्डात मध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, म्हणजे जाळी एका बाजूनं थेट घरच्या लाईनशी जोडलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बॅटरीवरच्या रॅकेटमध्येही असाच दाब चढवणारा बोर्ड असतो, फक्त त्याला वीज छोट्या सेलमधून मिळते. (१२१ रुपयांपेक्षा कमी किमतीच्या रॅकेटच्या आयातीवर सरकारनं २०२१ साली बंदी घातली. त्याआधी आलेली काही अजून माझ्याकडे दुरुस्तीला येतात. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतं.)

धंद्याच्या मशीनमध्ये १५, १८ किंवा २० वॉटच्या दोन ट्यूब, कधी त्याहून मोठ्या. जाळीसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, दोन ते चार हजार व्होल्टचा. बॉडी स्टीलची किंवा पावडर-कोटेड पत्र्याची, बाहेरून बोट जाणार नाही असा पिंजरा, ट्रे मोठा. चालवायचं चोवीस तास. दोन १५ वॉटच्या ट्यूब आणि चोक धरून चाळीस वॉट समजा, दिवसाला जवळजवळ एक युनिट. घरचा एलईडी कंदील रात्रभर जळला तरी युनिटचा दहावा हिस्सा जेमतेम.

धंद्यात दुसरी एक जात आहे आणि ती जास्त महत्त्वाची: चिकट पॅडचं मशीन. ट्यूब तीच, पण जाळीऐवजी मागे गोंद लावलेला पॅड. माशी बसली की अडकली. चर्र नाही, ठिणगी नाही, वास नाही. जाळीवर माशी मरते तेव्हा ती फुटते. तिच्या अंगावरचे जंतू हवेत उडतात हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठातल्या संशोधनातून २००० साली पुढे आलं. म्हणजे ज्या माशीला आपण ताटावर बसू देत नाही तिचे तुकडे ताटावर. म्हणून माझा नियम सरळ आहे. जिथं अन्न उघडं असतं, कापलं जातं, वाढलं जातं, तिथं चिकट पॅड. जाळीचं मशीन मागच्या दाराजवळ, भांडी घासायच्या जागी, कोठारात, कचऱ्याच्या डब्यांच्या वाटेवर.

घरच्या स्वयंपाकघरात कंदील ओट्याच्या वर टांगलेला मी कितीतरी ठिकाणी पाहिलाय. आमटीत पडणारं ते 'काहीतरी' कढीपत्ता नसतं.

ट्यूब: निळं दिसतं म्हणजे चालतं, असं नाही

सगळा खेळ इथं आहे.

ट्यूबच्या आत पाऱ्याची वाफ असते. ती पेटली की २५४ नॅनोमीटरचा जहाल अतिनील उजेड देते. काचेच्या आतल्या बाजूला लावलेला पांढरा लेप तो शोषून घेतो आणि ३५० किंवा ३६८ नॅनोमीटरच्या आसपासचा सौम्य अतिनील बाहेर सोडतो. माशीला हवा तो हा. आपल्याला जो निळसर उजेड दिसतो, तो या सगळ्यातली गळती आहे. आमिष आपल्याला दिसतच नाही.

आता अडचण अशी की तो लेप म्हातारा होतो. ट्यूब पेटत राहते, निळी दिसत राहते, पण अतिनील महिन्यागणिक घटत जातो. बहुतेक ट्यूबचं उपयोगी आयुष्य आठ हजार तासांच्या आसपास. चोवीस तास चाललं तर अकरा महिने. मला विचाराल तर हॉटेलवाल्यानं दर वर्षी एकदा बदलायचीच, आणि महिना ठरवून बदलायची. आपल्याकडे एप्रिलचा शेवट योग्य: आंबे-फणसाच्या माश्या आणि पुढचा पावसाळा, दोन्ही नव्या ट्यूबवर निघतात. ट्यूब घातली की तिच्या टोकाला मार्करनं महिना आणि साल लिहा. "पेटतेय ना, मग कशाला?" असं म्हणणारे पात्रांव, म्हणजे मालक, मला दर वर्षी भेटतात. त्यांच्या हॉटेलात भिंतीवर निळा दिवा असतो आणि टेबलावर माश्या.

विकत घेताना दुकानदाराला "निळी ट्यूब द्या" म्हणू नका. निळी म्हटलं की तो सजावटीची रंगीत ट्यूब देईल, चवथीला मखरात लावतात ती. तिच्यात माशीला ओढेल असं काही नसतं. मागायची ती ब्लॅक लाइट ट्यूब. तिच्या काचेवर 'बीएल' अशी अक्षरं असतात, कधी ३६८ हा आकडा. बंद असताना ती साध्या ट्यूबसारखी दुधी दिसते. 'बीएलबी' लिहिलेली असेल तर बंद असताना काळी-जांभळी. तिची काच दिसणारा उजेड गाळून टाकते. नोटा तपासायला, नाचाच्या हॉलमध्ये ती शोभते. माशीला त्या गाळणीनं काही फरक पडत नाही, किंमत मात्र जास्त.

आणि एक ट्यूब अशी आहे जी या मशीनमध्ये कधीही जाता कामा नये. जंतू मारायची, यूव्ही-सी. करोनाच्या काळात या ट्यूब बाजारात पुष्कळ आल्या. लांबी तीच, वॉट तेच, दोन पिना त्याच, होल्डरमध्ये टक्कन बसते. एका मिठाईच्या दुकानात मी संध्याकाळी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, तर काउंटरवरचा पोरगा डोळे चोळतोय, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणतोय. वेल्डिंगकडे बघत राहिलं की रात्री होतं तसंच. वर बघितलं तर मशीनमधल्या ट्यूबची काच आरपार स्वच्छ, आतली तार स्पष्ट दिसत होती. लेपच नाही. २५४ नॅनोमीटरचा जहाल उजेड दिवसभर पोराच्या तोंडावर. आधी स्विच बंद केला, मग पोराला डॉक्टरकडे पाठवलं, मग मालकाशी बोललो. ओळखायची खूण एकच: बंद ट्यूबमधून पलीकडचं दिसत असेल तर ती जंतूंची, घेऊ नका. तिच्यावर 'टीयूव्ही' किंवा नावाच्या सुरुवातीला 'जी' असतं. 'एफ'नं सुरू होणारी आणि मागे 'बीएल' असलेली ती आपली.

लांबी मोजून न्या. १५ वॉटची जाड ट्यूब दीड फुटाच्या आसपास, १८ वॉटची दोन फूट. बारीक ट्यूबमध्ये चार वॉटची सहा इंच, सहाची नऊ, आठची बारा. जुनी ट्यूब बरोबर नेणं सगळ्यात बरं. नेताना वर्तमानपत्रात गुंडाळा.

एलईडीवाल्या कंदिलांत वेगळी फसवणूक चालते. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी महाग आणि डोळ्याला मंद दिसतो. ३९५ ते ४०५ चा स्वस्त आणि डोळ्यात जाईल असा जांभळा. खोलीत जो जास्त भगभगीत दिसतो, तो माशीच्या दृष्टीनं कमजोर.

हे घरच्या घरी कसं तपासायचं? टॉनिक वॉटर. त्यातलं क्विनिन अतिनील उजेडात निळं चमकतं आणि त्याला ३५० च्या आसपासचा उजेड फार मानवतो. काचेच्या पेल्यात टॉनिक घ्या, खोली अंधारी करा, पेला दिव्याजवळ धरा. चांगल्या ट्यूबपुढे पेला आतून पेटल्यासारखा आभाळी निळा होतो. ४०५ च्या एलईडीपुढे पेल्यात नुसतं जांभळं प्रतिबिंब. उरलेलं टॉनिक फेणीत घाला. नव्या आणि जुन्या ट्यूबची तुलनाही अशीच: दोन मशीन, तोच पेला, डोळ्यांनी फरक कळतो. नोट धरून बघणारेही आहेत, नोटेवरचा नंबर चमकतो. पण नोट कमजोर एलईडीपुढेही चमकते, म्हणून तिच्यावर मी जात नाही. आणि तपासणी आटोपशीर करा, जळत्या ट्यूबकडे जवळून टक लावून बसायचं नाही.

जागा शोधणं

पहिली मोठी चूक मी स्वतः केली. पंधराएक वर्षांपूर्वी एका मासळी-थाळीच्या खानावळीत मी नवंकोरं मशीन दारासमोरच्या भिंतीवर बसवलं, रस्त्यावरून सरळ दिसेल असं. मालकाला आवडलं, 'हायजिन' दिसतं म्हणाला. आठवड्यानं फोन: माश्या वाढल्या. वाढणारच. संध्याकाळी बाहेर अंधारलं की तो दिवा अख्ख्या वाड्यातल्या किडे-पाखरांना बोलावत होता. मशीन कसं बसवायचं हे मला त्यानंतर कळलं.

आता मी असं करतो. दुपारी आणि दिवे लागल्यावर, दोन्ही वेळा जागा बघायला जातो. आधी दारातून, मग प्रत्येक खिडकीतून आत बघतो. जिथून बघितल्यावर भिंत दिसते ती भिंत बाद. दाराच्या भिंतीला काटकोनात असलेली बाजूची भिंत धरायची, दारापासून चार-पाच मीटर आत, म्हणजे आत शिरलेली माशी गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याआधी तिला दिवा दिसेल. साध्या खिडकीच्या काचेतून हा उजेड बराचसा आरपार जातो, म्हणून 'खिडकी बंदच असते' हे कारण चालत नाही.

ऊन हा दुसरा शत्रू. उन्हातल्या अतिनीलापुढे पंधरा वॉटची ट्यूब म्हणजे दुपारी लावलेली समई. ज्या भिंतीवर ऊन पडतं तिथं मशीन दिवसा नुसतं शोभेचं. अंधारा कोपरा, जिन्याखालची जागा, भांडी घासायच्या नळाजवळची सावलीतली भिंत, इथं तेच मशीन तिपटीनं माश्या धरतं.

उंची. लोक छताला टांगतात, कारण तिथं कुणाचा हात लागत नाही. पण दिवसा माशी माणसाच्या डोक्याच्या पातळीला आणि खाली फिरते. जमिनीपासून दीड ते दोन मीटर ठीक. बाजारात मासळीच्या दुकानात त्याहून खालीही चालेल, पण मग पोरांचा हात पोचणार नाही एवढं बघा. उघड्या अन्नापासून जाळीचं मशीन निदान तीन मीटर लांब, आणि पंख्याच्या झोतात कधीच नाही. पंखा माशीला दिव्याजवळ येऊ देत नाही आणि ट्रेमधला भुगा मात्र सगळीकडे उडवतो.

खोक्यावर 'एवढे चौरस फूट' लिहिलेलं असतं ते रिकाम्या अंधाऱ्या हॉलचं समजा. खांब, कपाटं, ट्यूबलाइट असलेल्या खऱ्या जागेला मी निम्मं धरतो. एल आकाराच्या हॉलला एक मोठं मशीन घेण्यापेक्षा दोन लहान बरी.

अंगणात, बाल्कांवावर (घरापुढच्या सोप्यावर), कुळागराकडे (बागायतीकडे) तोंड करून लावायला सांगतात, त्यांना मी नाही म्हणतो. तिथं मरतात ते पतंग, भुंगेरे, वाळवीचे किडे, म्हणजे तुमच्या घरात येणारच नव्हते ते. डास बाल्कांवावर बसलेल्या माणसाकडेच येतात. शेवटी कुणाला हौसच असेल तर पाऊस झेलणारं, आयपीएक्स-४ लिहिलेलं मशीन घ्या आणि बसायच्या जागेपासून लांब लावा.

बसवणं

वायरिंगचं जास्त लांबवत नाही, काम वायरमनकडूनच करून घ्या. तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग, मशीनला स्वतःचा स्विच. एक्स्टेंशन बोर्डावर लोंबकळणारं मशीन मी बसवत नाही. गॅसच्या सिलिंडरजवळ, पेंट-थिनरच्या कपाटाजवळ जाळीचं मशीन नको, प्रत्येक माशीला तिथं ठिणगी पडते. त्याच कारणानं चालू मशीनवर डास मारायचा स्प्रे मारू नका. डब्यातला तो वायू पेट घेतो.

एक गोष्ट मात्र बऱ्याच वायरमननाही ठाऊक नसते. ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनच्या जाळीला हात लागला तर घरचा ईएलसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, पडत नाही. जाळीकडचा दाब मेनपासून तुटलेला असतो, ईएलसीबीला तो दिसतच नाही. आणि स्वस्त घरच्या यंत्रात उलट, जाळी मेनशीच जोडलेली. दोन्हीकडे सल्ला तोच: प्लग उपसल्याशिवाय हात नाही. नुसता स्विच बंद करून भागत नाही, आपल्याकडे स्विच न्यूट्रलवर लावलेली घरं कमी नाहीत.

दर आठवड्याचं आणि दर वर्षाचं

साफसफाईचा क्रम मी गिऱ्हाइकाला पाठ करून घेतो:

१. प्लग काढा. पाच मिनिटं थांबा.
२. लाकडी किंवा पक्क्या प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं जाळीच्या शेजारच्या दोन तारा एकदा जोडा. उरलेला दाब टक्कन निघून जातो. घरच्या यंत्रातला कपॅसिटर बंद झाल्यावरही चावतो.
३. ट्रे पाण्यानं धुवा, उन्हात पूर्ण वाळवा.
४. जाळी कोरड्या ब्रशनं झाडा. जुना टूथब्रश उत्तम. ओलं फडकं नको.
५. ट्यूब काढून किंचित ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या. हॉटेलात ट्यूबवर तेलाच्या धुराचा थर बसतो आणि तो अतिनील अडवतो. तळणीजवळच्या मशीनची ट्यूब दर आठवड्याला पुसलीच पाहिजे.

मिरगाचा पाऊस पडला की दोन-तीन संध्याकाळी पंखवाली वाळवी उठते. त्या संध्याकाळी मशीन बंद ठेवा, घराबाहेरचे दिवेही. नाही तर तासाभरात ट्रे भरून वर येतो, पंख जाळीत अडकून धुमसतात आणि जळक्या केसांचा वास घरभर. ढीग पेटायचीही भीती असते.

चिकट पॅड महिन्याला बदला, धूळ बसली तर आधी. टाकायच्या आधी त्यावर कोणत्या माश्या आहेत ते बघा. हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या जास्त असतील तर जवळच कुठेतरी मासळीची आतडी किंवा मेलेला उंदीर कुजतोय. उन्हाळ्यात घरमाशी आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडायला लागते, म्हणजे कचऱ्याचा डबा आठवडाभर राहिला तर एका डब्यातून तुम्ही मशीनला पुरून उरेल एवढी फौज काढलीत.

अन्नाच्या जागी ट्यूब फुटली तर काच ताटात जाऊ नये म्हणून तिच्यावर पारदर्शक वेष्टन असलेल्या ट्यूब मिळतात. त्याच घ्या. एका बेकरीत पोदेरानं साध्या ट्यूबवर प्लास्टिकची नळी स्वतःच चढवली होती. हेतू चांगला, पण ते प्लास्टिक दिसणारा उजेड जाऊ देतं आणि नेमका अतिनील गिळतं. सहा महिने मशीन नुसतं निळं जळत होतं.

माझ्याकडे आणण्याआधी

दोन्ही ट्यूब एकदम विझल्या तर घाबरू नका. धंद्याच्या कित्येक मशीनमध्ये दोन ट्यूब एकाच चोकवर एकापुढे एक जोडलेल्या असतात, एक गेली की दोन्ही जातात. चांगली ट्यूब आलटून पालटून लावा, गेलेली सापडते. ट्यूब लपलपते, टोकं लाल होतात: स्टार्टर बदला, तो सगळ्यात स्वस्त. टोकं काळी पडली असतील तर ट्यूब संपली. चोक बसवलेल्या मशीनमध्ये एलईडी ट्यूब तशीच घालायला जाऊ नका, आधी वायरिंग बदलावं लागतं.

ट्यूब जळते पण जाळी चर्र करत नाही: जाळीच्या तारा वाकून एकमेकींना चिकटल्या असतील, नाहीतर मधे मेलेला भुंगेरा अडकून शॉर्ट झाला असेल. झाडल्यावरही नाही झालं तर ट्रान्सफॉर्मर.

आणि माशी नसतानाही सतत चर्र, विशेषतः जुलैत, विशेषतः कळंगुट, बागा यांसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी: खारी हवा, ओल आणि मेलेल्या किड्यांचा काळा थर मिळून जाळीच्या प्लास्टिक आधारावर वाट तयार करतात आणि वीज तिथून पळते. आधाराचं प्लास्टिक कोरडं, स्वच्छ करा. काळी रेघ जळून आत गेली असेल तर तो आधारच बदलावा लागतो. समुद्राजवळ मशीन घेताना पत्र्याऐवजी स्टीलचं घ्या, वरचे पैसे पावसाळ्यात वसूल होतात.

मार्दोळच्या वहिनींचा कंदील मी साफ करून परत दिला, पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडच्या टाकीला झाकण नव्हतं, त्यासाठी नायलॉनची जाळी आणि जुन्या सायकलची ट्यूब, गच्च बांधायला, एवढं नेलं त्यांनी.

जुन्या ट्यूब मात्र फोडू नका, भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जा, झाडू न मारता जाड कागदानं तुकडे गोळा करा. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात आणि घरातल्या ट्यूब पालिकेच्या, पंचायतीच्या गाडीला वेगळा घातक कचरा म्हणून द्यायच्या असतात. मी जुन्या ट्यूब नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या नळीत परत घालून दुकानाच्या मागे उभ्या करतो, दहा-बारा झाल्या की एकदम देतो. तुमच्याही आणून दिल्यात तर ठेवून घेईन, फक्त पुठ्ठ्यात घालून आणा.